पासष्ट अंशांचा ढीग

रुग्णालयाच्या बॉयलरवर चौतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला गल्लीत सगळे पारा म्हणत. तोंडावर पाराकाका, पाठीमागे नुसतंच पारा. त्याचं डोकं लवकर तापायचं हे एक कारण. दुसरं म्हणजे निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याने घड्याळ नाकारून बॉयलरवरचा जुना तबकडीचा थर्मामीटर मागून घेतला होता. हातभर लांब दांडी, वर वाटीएवढी तबकडी. घरी आणल्यावर पहिला आठवडाभर तो आंघोळीच्या बादलीत हा दांडा बुडवून बघायचा.

"पाणी गरम आहे की नाही ते हात घातला तरी कळतं," बायको म्हणाली.

"गरम म्हणजे किती?"

"गरम म्हणजे गरम. तुम्हाला काय त्यात इंजेक्शनं उकळायची आहेत?"

निवृत्तीनंतरच्या माणसाला घरात जागा सापडायला वेळ लागतो. पाराला दोन वर्षं लागली, तरी ती नीट सापडली नव्हती. स्वयंपाकघरात तो मध्ये यायचा, बाहेरच्या खोलीत पंखा उगाच लावायचा आणि उगाच बंद करायचा. बायकोने शेवटी त्याला मागच्या दाराबाहेर काढलं. तिथे तीस पावलं लांब आणि बारा पावलं रुंद अशी जमीन होती. तिच्यात बायकोने एका बाजूला फुलझाडं आणि दुसऱ्या बाजूला घेवडा, वांगी असं काहीबाही लावलेलं होतं. उरलेल्या कोपऱ्यात पाराने खताचा ढीग रचायला घेतला.

पहिला ढीग थंडच राहिला. घरातला ओला कचरा आणि वाळलेली पानं त्याने नुसती एकावर एक टाकली होती. महिन्याने उकरलं तर आत काळा चिखल आणि नाकाला झोंबणारा वास. बायको दारातूनच म्हणाली, "हे खत आहे की आपल्याला गल्लीतून हाकलायची सोय?"

पारा चिडला, पण ढिगावर नाही. ढिगाचं काय चुकलं हे त्याला कळायला हवं होतं. त्याने चार ठिकाणी विचारलं, दोन पुस्तिका वाचल्या आणि त्याच्या लक्षात आलं की हे काम बॉयलरचंच आहे. जळण हवं, हवा हवी, पाणी बेताचं हवं आणि भट्टी पुरेशी मोठी हवी. ढीग कमरेइतका उंच आणि तितकाच रुंद नसेल तर आतली उष्णता टिकत नाही. वाळलेलं जास्त, ओलं कमी. मूठभर घेऊन दाबलं तर बोटांतून एकदोन थेंब यावेत, धार लागू नये. चौथ्या दिवशी पहिल्यांदा उलटायचा, मग दिवसाआड. बाहेरचं आत, आतलं बाहेर.

दुसऱ्या ढिगात त्याने तिसऱ्या दिवशी दांडा खुपसला. काटा अठ्ठावन्नवर गेला. चौथ्या दिवशी चौसष्ट. सकाळच्या गारव्यात ढिगातून वाफ निघत होती आणि पारा तिच्यासमोर हातात चहा घेऊन उभा होता. बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. नंतर तिने शेजारणीला सांगितलं, "लग्नात माझ्याकडेही असं नव्हतं बघितलं यांनी."

ढिगाची नोंदवही अर्थातच होती. बॉयलरवर होती तशीच, उभे रकाने आखलेली: तारीख, वेळ, तापमान, ओलावा, शेरा. या वह्यांच्या बाबतीत पाराची ख्याती होती. चौतीस वर्षांत त्याने काट्याकडे न बघता एकही आकडा लिहिला नव्हता. इतकंच नाही, दुसऱ्यालाही लिहू दिला नव्हता. दुपारच्या पाळीतला त्याचा जोडीदार एकदा पाळी सुरू होतानाच आठही तासांचे आकडे लिहून पत्ते खेळायला बसला. पाराने वही उचलली आणि सरळ साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. जोडीदार घरी गेला, कायमचा. तो अकरा वर्षं पाराच्या शेजारी बसून डबा खाल्लेला माणूस होता. त्याची बायको दोनदा पाराच्या दारात येऊन गेली. पारा म्हणाला, "आकडा खोटा असला तर उद्या भिंत उडेल, वहिनी. मी काय करू?" हे तो पुढेही अनेकदा सांगायचा, अभिमानाने. बायको तेवढ्या वेळापुरती उठून आत जायची.

मुलीचं प्रकरण वेगळं होतं. एकुलती एक. तिने प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडली आणि शहराच्या कडेला भाड्याची जमीन घेऊन रोपवाटिका टाकली. पारा तेव्हा तिला म्हणाला होता, "चिखलात हात घालायला शिकवलं नव्हतं तुला." त्यानंतर तीन वर्षं तो तिथे फिरकला नाही. मुलगी रविवारी घरी यायची, आईशी बोलायची, वडिलांना "बरे आहात ना" विचारायची. त्याचं उत्तर संपायच्या आत आईकडे वळायची.

अशा एका रविवारी ती मागच्या दाराशी हात धुवायला गेली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत पाराचं खत होतं. तिने ते नाकाशी नेलं, बोटांनी चुरलं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"मग काय ढीग स्वतः स्वतःला उलटतो?"

"वास बघ आई. पावसाळ्यातल्या जंगलासारखा." मग ती पाराकडे वळली, आणि या वेळी वळलेलीच राहिली. "मला एवढं लागेल, दहा पोती. दीड महिन्यात. टोमॅटोच्या सहा हजार रोपांची मागणी आलीय, भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या एका संघाकडून. पहिलीच मोठी. ही नीट गेली तर ते दरवर्षी माझ्याकडेच येणार. विकतच्या खतात काय असतं कोण जाणे. तुमचं मी डोळे मिटून वापरेन."

पाराने लगेच हो म्हटलं नाही. तो म्हणाला, "बघतो." मग वही काढून हिशेब मांडायला बसला, दहा पोत्यांना किती मोठा ढीग लागेल याचा. मुलगी गेल्यावरही तो बराच वेळ तिथेच बसला होता.

अडचण ओल्या मालाची होती. थंडीचे दिवस. वाळलेली पानं हवी तेवढी, पण हिरवं काही नाही. घरच्या भाजीच्या देठांनी एवढा ढीग तापणार नव्हता. हिरवं होतं ते एकाच ठिकाणी, दोन गल्ल्यांपलीकडच्या खेळाच्या मैदानावर. तिथे बारमाही पाणी मारत आणि दर आठवड्याला गवत कापत. मैदानाचा माळी पाराच्या ओळखीचा होता. कापलेल्या गवताची रास कुंपणाशी पडलेली होती आणि पारा पोती घेऊनच गेला.

"काका, हे नका नेऊ," माळी म्हणाला. "गेल्या आठवड्यात औषध मारलंय."

"कसलं?"

"तणाचं. रुंद पानाचं सगळं जातं, गवत तेवढं राहतं." तो खोलीतून डबा घेऊन आला आणि मागच्या बारीक अक्षरांवर अंगठा ठेवला. "हे वाचा. कापलेलं गवत खताला वापरू नये."

पाराने चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं.

"हे लिहिणाऱ्याने बॉयलर बघितलाय का कधी?"

"ते मला काय ठाऊक?"

"अरे, पासष्ट अंशांवर तीन आठवडे शिजवणार आहे मी. संसर्गाच्या वॉर्डातल्या चादरी आमच्या वाफेतून निघाल्या की बाळंतिणीच्या खाटेवर घालायचे. पासष्ट अंशांवर काय जगतं, सांग मला."

"जगण्या-मरण्याचं मी कुठे बोललो? डब्यावर आहे ते बोललो." माळ्याने डबा परत आत ठेवला. "तुम्ही शिकलेले. न्या."

पाराने चौदा पोती नेली.

तो ढीग त्याच्या आयुष्यातला सर्वांत चांगला ढीग होता. तिसऱ्या दिवशी बासष्ट, पाचव्या दिवशी सहासष्ट. सत्तरच्या पुढे जाऊ लागला तेव्हा त्याने भर दुपारी तो उलटून खाली आणला, घामाने बनियन अंगाला चिकटलेलं. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात त्याने आयुष्यात पहिल्यांदा कौतुकाचा शब्द लिहिला: उत्तम. गवत कुठून आणलं याला रकाना नव्हता, म्हणून ते लिहिलं नाही. एरवी रकाना नसला तर तो पट्टीने नवा आखत असे.

तीन आठवड्यांनी ढीग निवला, आणखी आठवडाभर त्याने तो मुरू दिला. मग मुलीने टेम्पो पाठवला, आणि पारा टेम्पोत पुढे बसून पहिल्यांदा तिच्या रोपवाटिकेत गेला. तिथे तिने त्याची तिच्या कामगार बायकांशी ओळख करून दिली. "हे आमचे खतवाले." बायका हसल्या. पाराही हसला. घरी आल्यावर त्याने बायकोला ते वाक्य तीन वेळा सांगितलं.

सतराव्या दिवशी मुलगी रविवार नसताना आली. हातात रोपांचा एक ट्रे होता. तो तिने जेवणाच्या टेबलावर ठेवला. टोमॅटोची रोपं वीतभरही नव्हती. खालची पानं ठीक होती. वरची नवी पानं मात्र आत वळलेली, पेल्यासारखी, कडा चिमटलेल्या, शेंडे पिळलेल्या दोरीसारखे.

"सगळी अशीच?" आईने विचारलं.

"सगळी. पाणी असेल, बियाणं असेल, रोग असेल. नाहीतर खत." शेवटचा शब्द तिने पाराकडे न बघता उच्चारला. "शोधायला हवं. दीड महिन्याने रोपं द्यायची आहेत. आता कारण कळलं तर पुन्हा पेरायला वेळ आहे, एकदाच. दुसऱ्यांदा चुकलं तर संघवाले दुसरीकडे जातील."

तिने पिशवीतून कागदी पेले काढले, आठ. चारांत बायकोच्या वाफ्यातली साधी माती भरली, चारांत त्याच मातीत पाराचं खत मिसळलं. प्रत्येकावर आकडा घालून आत घेवड्याचे दोन दाणे टोचले.

"घेवडा सगळ्यात आधी सांगतो, काही असेल तर. माझ्याकडे ठेवले तर तिथलीच हवा, तिथलंच पाणी. इथे राहू देत, खिडकीत. दोन आठवडे." मग ती पाराला म्हणाली, "नोंदी तुम्ही ठेवा, बाबा. तुमच्याइतकं काटेकोर कोण आहे?"

पाराने मान हलवली. मुलगी गेल्यावर तो मागे गेला, दोन वेळा हात धुतले आणि आणखी चार पेले आणले. त्यांत साधी माती भरली, घेवडा टोचला आणि ते पेले पाण्याच्या टाकीमागे, बायको जात नाही अशा उन्हाच्या पट्ट्यात ठेवले. बायकोने विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हाताशी असावेत. तिने विचारलं नाही.

पाचव्या दिवशी सगळे दाणे उगवले. आठव्या दिवशी पहिली खरी पानं. अकराव्या दिवशी खताच्या चारही पेल्यांतली नवी पानं वळू लागली. पारा चष्मा कपाळावर सारून, वाकून, नाक पानाला लागेल इतक्या जवळून बघत होता. शेजारच्या चार पेल्यांतली पानं तळहातासारखी सपाट होती.

त्याने नोंदवही उघडली. लिहिलं: दिवस अकरावा, पेले पाच ते आठ, नवी पानं आत वळलेली, शेंडा पिळलेला. हे लिहिल्याशिवाय त्याला राहवलं नसतं. मग ती वही कपाटात कपड्यांखाली ठेवली, दुकानातून नवी आणली, तेच रकाने आखले आणि ढिगाच्या पहिल्या दिवसापासून सगळं पुन्हा लिहिलं. अकराव्या दिवसापुढे लिहिलं: वाढ समान.

तेराव्या दिवशी बायको बाजारात गेली असताना त्याने टाकीमागचे चार पेले आत आणले. वरून चिमूटचिमूट काळं खत भुरभुरवलं, आकडे घातले, खिडकीत मांडले. वाकडे चार फुलझाडांमागे खड्डा करून पुरले. काम सफाईने झालं.

संध्याकाळी बायको खिडकीशी भाजी निवडत बसली होती. तिने पेल्यांकडे पाहिलं. मग निवडत राहिली. बऱ्याच वेळाने, देठ मोडता मोडता म्हणाली, "त्यांना तुम्ही घरी पाठवलं होतं. तुमच्या जोडीदाराला."

"त्याचं इथे काय?"

"काही नाही. आठवण आली." तिने देठ गोळा केले आणि सवयीने ढिगाच्या डब्यात टाकायला निघाली. मग ते साध्या कचऱ्यात टाकले.

चौदाव्या दिवशी मुलगी आली. आठही पेले उचलून उजेडात धरले. वही वाचली. खुर्चीत बसली आणि सुटल्यासारखी हसली.

"म्हणजे खत नाही. मला तीच भीती होती. मग बियाणंच. तिला मी शाळेपासून ओळखते हो, बियाणंवालीला. गेल्या आठवड्यात रडून सांगत होती की तिचा माल चांगला आहे. मी म्हटलं, तपासतेय. आता सांगते तिला तोंडावर." तिने पर्स उघडून फोन काढला. "नवीन बियाणं उद्या दुसरीकडून आणते. खताची सहा पोती आहेत अजून, ती सगळी घालते. या वेळी प्रमाण थोडं वाढवते, रोपं लवकर उठतील."

पारा उभा होता. "खत नको घालूस," तो म्हणाला.

"का?"

"अजून मुरायला हवं."

"वहीत तर तुम्हीच लिहिलंय, मुरलंय."

"तरी पण."

"बाबा, तरी पण म्हणजे काय? वाढ समान आहे. तुम्हीच लिहिलंय ना?" तिने फोनवर नाव शोधायला सुरुवात केली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने बोलावं म्हणून पारा थांबला होता, हे तिघांपैकी दोघांना कळत होतं. ती नाही बोलली. बटणं दाबल्याचे आवाज ऐकू आले. पारा आतल्या खोलीत गेला, कपाट उघडलं, कपड्यांखालची वही काढली आणि आणून मुलीपुढे ठेवली.

मुलगी ती उभ्याने वाचत गेली. अकराव्या दिवसाशी थांबली. फोन लागला होता, पलीकडून बाईचा आवाज येत होता. तिने तो बंद केला.

"ढिगात हिरवं कुठलं घातलंत?"

"मैदानाचं गवत."

"औषध मारलेलं?"

"माळी बोलला होता. मला वाटलं, एवढ्या उष्णतेत..."

"ते जिवंत नसतं, बाबा." तिचा आवाज चढला नाही. "मारणार काय तुम्ही?"

पाराने खिडकीकडे पाहिलं. मुलीने विचारलं, "हे पेले कुठले?" त्याने टाकीकडे बोट दाखवलं. "कधी लावलेत?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे मी दारातून बाहेर पडले तेव्हा." तिने दोन्ही वह्या एकावर एक ठेवल्या, कडा जुळवल्या. आईकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"काल कळलं," आई म्हणाली.

"काल मी घरी होते. फोन होता."



मुलीने खत न लागलेली माती आणि विकतचा नारळाचा भुसा घालून पुन्हा पेरलं. पण तोवर दोन आठवडे वाया गेले होते. संघवाल्यांनी अर्धीच रोपं घेतली, तीही कुरकुरत, आणि पुढच्या हंगामाची मागणी दुसऱ्याला दिली. बियाणंवालीशी तिचं बोलणं पूर्ववत झालं म्हणतात, पण बियाणंवाली आता पैसे आधी मागते. उरलेली सहा पोती टेम्पोने परत आली. टेम्पोवाल्याने ती फाटकाशी उतरवली. सोबत निरोप होता: हे कुठे फेकू नका, कुणाला देऊ नका. जमिनीवर पसरा आणि वर गवत लावा. गवताला काही होत नाही.

पाराने ते पसरलं. कोपऱ्यातला ढीगही मोडून पसरला. मागच्या जमिनीचा बहुतेक भाग भरला, बायकोचा वाफाही, कारण एवढं खत बाकीच्या जागेत मावत नव्हतं. तिची वांगी त्या वर्षी चिमटून गेली. आता घरामागे फक्त गवत आहे, दाट, हिरवंगार, गल्लीतले लोक बघायला येतात इतकं सुरेख. पारा ते दर आठवड्याला कापतो. कापलेलं गवत तिथेच पडू देतो, कारण दुसरीकडे टाकता येत नाही.

बॉयलरचा थर्मामीटर तो अजून कधीकधी बाहेर नेतो आणि जमिनीत खुपसतो. काटा हवेच्या तापमानावर थांबतो. ते तो लिहीत नाही.

दर तीन महिन्यांनी मुलगी येते. फाटक उघडून सरळ मागे जाते. आत येत नाही असं नाही, नंतर येते, आईजवळ बसते, चहा घेते. आधी मात्र ती पिशवीतून कागदी पेले काढते, गवत बाजूला सारून थोडी माती भरते आणि घेवड्याचे दोन दोन दाणे टोचते. पहिल्या वेळी पारा दारात येऊन म्हणाला होता, "राहू दे इथेच, मी नोंदी ठेवतो."

"नको, बाबा," ती म्हणाली. "मी नेते."

पेले ती खोक्यात नीट बसवते, कलंडू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्राचे बोळे घालते आणि चहा पिऊन झाला की सोबत घेऊन जाते.